हायलँडरला झेपेल असा ट्रॅव्हल ट्रेलर सुचवा (सहा माणसं, यलोस्टोन)

खटपट्या
नमस्कार मंडळी. पुढच्या उन्हाळ्यात आई-बाबा येतायत. जुलैत बे एरियातून सगळ्यांनी मिळून यलोस्टोनला जायचा बेत आहे. पार्कातल्या लॉजचे भाव पाहून डोळे पांढरे झाले, त्यामुळे गेले काही दिवस ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं फिरतं घर) विकत घ्यायचं डोक्यात घोळतंय. एकदा घेतला की दर सुट्टीला वापरता येईल, असा हिशोब.

गाडी २०२१ ची टोयोटा हायलँडर, व्ही-६, ऑल व्हील, हायब्रिड नव्हे. मुलं ११ आणि ७ वर्षांची. एक बंकहाउस (वर-खाली बिछाने असलेला ट्रेलर) पसंत पडलाय. २२ फुटी, ब्रोशरमध्ये कोरडं वजन ३,६०० पौंड, हिच वेट (गाडीच्या हिचवर, म्हणजे मागच्या जोडावर, येणारा भार) ४१०, जीव्हीडब्ल्यूआर (भरलेल्या ट्रेलरचं कमाल वजन) ४,८००. हायलँडर ५,००० पौंड खेचते. म्हणजे १,४०० पौंड शिल्लक राहतात ना? डीलरकडचा माणूस म्हणाला, डोळे झाकून घ्या. तो इतक्या पटकन बोलला की मला उलट शंकाच आली. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

तात्या_टेक्सास
काही शंका घेऊ नका. आमच्या होंडा पायलटला ४,५०० चा ट्रेलर लावून आम्ही ह्यूस्टनहून पार फ्लोरिडापर्यंत जातो. गाडीला काही कळतही नाही. ब्रेक कंट्रोलर (ट्रेलरचे ब्रेक गाडीतून चालवणारं यंत्र) मात्र लावून घ्या.

घाटमाथा
तात्या, ह्यूस्टन ते फ्लोरिडा हा रस्ता पोळपाटासारखा सपाट आहे. त्यावरून यांच्या वाटेतल्या डॉनर समिटच्या घाटाचा अंदाज कसा बांधणार? :)

खटपट्या, ५,००० हा आकडा जरा बाजूला ठेवा. ड्रायव्हरचा दरवाजा उघडा. बी-पिलरवर (दोन दरवाज्यांमधल्या खांबावर) टायरच्या हवेचा एक स्टिकर असतो. त्यावर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून अमुक किलो किंवा अमुक पौंडांपेक्षा जास्त होता कामा नये. हा तुमच्या गाडीचा पेलोड. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांचा आकडा वेगळा असू शकतो, कारण सनरूफ, मोठी चाकं, कॅप्टन सीट असं जे जे कारखान्यात बसवलं ते त्यातून आधीच वजा झालेलं असतं. म्हणून ब्रोशरवर विसंबू नका, आपल्याच गाडीचा स्टिकर वाचा. तो इथे टाका, मग बोलू.

खटपट्या
खाली जाऊन बघून आलो. १,४१० पौंड.

घाटमाथा
छान. आता घरातल्या सगळ्यांची वजनं सांगा. बायकोला विचारताना जपून.

खटपट्या
मी १७५, बायको १४० (आम्हा चौघांचं तिनेच वजनकाट्यावर उभं करून लिहून दिलंय), मुलगा ८५, मुलगी ५०. बाबा साधारण १६०, आई १३५.

घाटमाथा
बेरीज ७४५. गाडीतलं सामान म्हणजे बॅगा, बर्फाची पेटी, मुलीची बूस्टर सीट, वाटेतला खाऊ. त्याचे १५० धरू. वेट डिस्ट्रिब्यूशन हिचचं (मागचा भार पुढच्या चाकांकडे वाटणाऱ्या जोडाचं) लोखंड सुमारे ९० पौंड, तेही गाडीवरच. झाले ९८५. १,४१० मधून उरले ४२५.

आता ट्रेलरची जी मान गाडीच्या हिचवर टेकते तिचं वजन म्हणजे टंग वेट. नीट भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के ते असावं लागतं, आणि मी नेहमी १३ धरते. तुमच्या गाडीवर ४२५ च उरलेत, म्हणजे भरलेला ट्रेलर जेमतेम ३,२५० पौंडांचा हवा. ५,००० चं काय झालं ते पाहिलंत ना.

पुढची पायरी ट्रेलरची. ३,६०० कोरडं वजन म्हणजे कारखान्याच्या दारातून बाहेर पडतानाचं. त्यात बॅटरी धरलेली नसते, साधारण ५५ पौंड. डीलर बहुतेक वेळा दोन गॅस सिलिंडर देतो, भरलेले दोन्ही मिळून ७५. पाण्याची टाकी ३० गॅलनची असेल तर २५० पौंड, कारण एक गॅलन पाणी ८.३४ पौंड भरतं. मग भांडी, अंथरुणं, होज, खुर्च्या, लेव्हलिंगचे ठोकळे, किराणा. सहा माणसांचे ५०० सहज. एकूण ४,४८०. त्याचे १३ टक्के ५८० च्या वर. आणि सिलिंडर, बॅटरी दोन्ही नेमके पुढच्या त्रिकोणी फ्रेमवर, म्हणजे मानेवरच, बसलेले असतात. ब्रोशरमधल्या ४१० मध्ये ते नाहीत.

खटपट्या
बापरे. म्हणजे गाडी खेचू शकते पण वाहू शकत नाही, असंच ना?

घाटमाथा
बरोबर. आणि अजून एक गोष्ट आडवी येते. तुमच्या मॅन्युअलमध्ये टंग वेटची मर्यादा बघा. ५,००० खेचणाऱ्या बहुतेक क्रॉसओव्हरना ती ५०० असते. टेल्युराइड, पॅलिसेड, असेंट, पायलट सगळ्यांचं कमीअधिक तेच. ५,००० पौंडांच्या ट्रेलरला स्थिर चालायला ६५० लागतात आणि हिच ५०० च घेते. म्हणजे आई-बाबा गाडीत नसले तरी ५०० भागिले ०.१३, तुमची वरची मर्यादा ३,८५० च्या आसपास. पेलोडमध्ये जागा असली तरी.

तात्या_टेक्सास
मग कंपनी ५,००० लिहिते ती काय खोटं लिहिते? टोयोटाला कायद्याची भीती नाही का?

घाटमाथा
खोटं नाही, पण ज्या परिस्थितीत मोजलं ती तुमची नाही. एसएई जे२८०७ नावाचं प्रमाण आहे. टोयोटाने ते सगळ्यात आधी, २०११ च्या मॉडेलपासून, स्वीकारलं. त्यात गाडीत दोनच माणसं धरतात, प्रत्येकी १५० पौंडांची. मागे मुलं नाहीत, सामान नाही. ॲरिझोनात डेव्हिस डॅमजवळचा जो लांब चढ आहे, बुलहेड सिटीच्या पुढचा, त्यावर एसी पूर्ण चालू ठेवून ताशी ४० मैलांच्या खाली न जाता वर पोचायचं. इंजिन, गिअर, कूलिंग, ब्रेक यांची परीक्षा म्हणून ती चांगलीच कडक आहे. पण तुमचे आई-बाबा तिसऱ्या रांगेत बसलेत याची त्या परीक्षेला कल्पना नसते.

होंडा हे उघड सांगते. तात्या, तुमच्या पायलटच्या मॅन्युअलमध्ये तक्ता आहे बघा, गाडीत माणसं वाढतील तसा खेचायचा आकडा उतरत जातो.

तात्या_टेक्सास
बघतो. (आम्ही दोघंच असतो, मुलं कॉलेजात गेली.)

भाजणी
मग तात्या तुमचं गणित अगदी परीक्षेतलंच आहे की, दोन माणसं आणि सपाट रस्ता!

तात्या_टेक्सास
:D मान्य.

लीड्सकर
हा धागा वाचून एक प्रश्न पडला. आमच्या इकडे लोक स्कोडाच्या साध्या इस्टेटला दीड टनाचा कॅरॅव्हॅन लावून वेल्सच्या डोंगरात जातात. अमेरिकेत तसल्याच गाडीला टोइंगची परवानगीही नसते. आमचे लोक वेडे आहेत की तुमचे घाबरट?

घाटमाथा
दोन्ही नाही. तुमच्याकडचे कॅरॅव्हॅन वेगळे बांधतात. तुमचं नोजवेट, म्हणजे आमचं टंग वेट, ५ ते ७ टक्के धरलेलं असतं आणि वजन मधल्या ॲक्सलभोवती गोळा केलेलं असतं. शिवाय वेगाची मर्यादा.

लीड्सकर
हो, कॅरॅव्हॅन मागे असला की मोटारवेवर ६०, साध्या एकेरी रस्त्यावर ५०. शिवाय बॉलला घट्ट पकडणारे स्टॅबिलायझर बहुतेक सगळ्यांकडे असतात. क्लबवाले नवख्यांना सांगतात की भरलेला कॅरॅव्हॅन गाडीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवा. लायसन्सचंही आता सोपं झालंय. १९९७ नंतर परीक्षा दिलेल्यांना मोठ्या ट्रेलरसाठी वेगळी परीक्षा द्यावी लागायची, ती १६ डिसेंबर २०२१ पासून बंद झाली. आता ३,५०० किलोपर्यंत चालतं. त्यामुळे ज्यांनी आयुष्यात कधी रिव्हर्स घेतला नाही तेही कॅरॅव्हॅन घेऊन निघालेत, हा भाग वेगळा.

घाटमाथा
आणि इथे मंडळी ७५ ने हाणतात. त्या वेगाला मान हलकी असलेला ट्रेलर डोलायला लागतो. कॅलिफोर्नियात ट्रेलर लावलेल्या गाडीला कायद्याने ५५ ची मर्यादा आहे, पण आय-५ वर ती किती पाळतात ते बघालच. खटपट्या, नेव्हाडात शिरलात की कोणी तुम्हाला अडवणार नाही, तरीही ६० च्या वर जाऊ नका. ट्रेलरचे एसटी जातीचे टायर, वेगळं काही छापलेलं नसेल तर, ६५ मैलांच्याच हिशोबाने बनवलेले असतात.

खटपट्या
हे डोलणं म्हणजे स्वे ना? यूट्यूबवर एक-दोन व्हिडिओ पाहिले आणि बायकोने लॅपटॉप मिटवला.

घाटमाथा
हो. आमच्या गावी बैलगाडीत मागे पोती जास्त भरली की गाडी उलाळ व्हायची, बैलांच्या मानेवरून जू वर उचललं जायचं, आणि आजोबा सगळी पोती पुन्हा पुढे लावायला लावायचे. ट्रेलरचं तसंच. वजन ॲक्सलच्या मागे गेलं, मान हलकी झाली, की बाजूने ट्रकने टाकलेला हवेचा झोत पुरतो. एकदा मागचं टोक डावी-उजवी मारायला लागलं की वेगाबरोबर ते वाढत जातं.

हे झालं तर गाडीचा ब्रेक जोरात दाबायचा नाही आणि वेग वाढवून सरळ करायचाही प्रयत्न नाही. ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टिअरिंग सरळ धरा आणि ब्रेक कंट्रोलरवरचा हाताचा खटका दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा. ट्रेलर मागून ओढला जातो आणि सरळ होतो. कंट्रोलर प्रपोर्शनल घ्या, म्हणजे गाडी जितक्या जोरात थांबते तितकेच ट्रेलरचे ब्रेक लागतात. स्वस्त टाइम-डिलेवाले डोंगरात त्रास देतात. आणि तो अशा जागी बसवून घ्या की अंधारात न बघता हात पोचेल. बसवणारे लोक कुठेतरी गुडघ्याशी लावून देतात.

लीड्सकर
आमच्याकडे हा खटका नसतो. आमचे ब्रेक ओव्हररनवर चालतात, गाडीने ब्रेक लावला की कॅरॅव्हॅन पुढे ढकलला जातो आणि त्या ढकलण्यानेच त्याचे ब्रेक लागतात. म्हणून आम्हाला वेग कमी ठेवण्यावाचून पर्याय नाही.

डेन्व्हरवाला
चढाचं कोणीच बोललं नाही म्हणून. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना सुमारे ३ टक्के ताकद गमावतं. आमच्याकडे आय-७० वर आयझेनहॉवर बोगद्यापाशी तुम्ही ११,००० फुटांवर असता, म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा गेला. डॉनर समिट ७,००० च्या वर आहे, तिथे पाचवा हिस्सा तरी जाईल. यलोस्टोनची पठारंही ७-८ हजार फुटांवरच. व्ही-६ ओरडेल, आरपीएम ४,५०० ला जाईल. घाबरू नका, ते इंजिन त्यासाठीच आहे. उजव्या लेनमध्ये ट्रकांच्या मागे राहा. खरी काळजी उतारावर. चढताना ज्या गिअरला चढलात त्याच गिअरला उतरा, ब्रेकवर पाय ठेवून उतरू नका.

आणि समोरचं क्षेत्रफळ! ट्रेलर उंच आणि ८ फूट रुंद असला तर सपाट रस्त्यावरही वाराच इंजिन खातो. फोर्डच्या टोइंग गाइडमध्ये वजनाबरोबर याचीही मर्यादा दिलेली असते. नेव्हाडात आय-८० वर दुपारनंतर आडवा वारा सुटतो. सकाळी लवकर निघा, दोनला मुक्कामी पोचा.

पुणेरी_चौकस
आमच्या एक्सयूव्ही७०० ला असं काही लावता येईल का? पुण्यातून तारकर्लीला न्यायचा विचार.

डेन्व्हरवाला
मॅन्युअलमध्ये टोइंगचा आकडा दिला नसेल तर नाही. भारतात बहुतेक कॅरॅव्हॅन ट्रॅव्हलर किंवा ट्रकच्या चेसिसवर बांधलेले असतात, भाड्याने मिळतात. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलंय. आंबा घाटात ट्रेलर रिव्हर्स घ्यायची वेळ आली तर तुमचं काय होईल हा विचारच नको.

पुणेरी_चौकस
आंबा घाटात आम्हाला नुसती गाडीही रिव्हर्स घेता येत नाही. धन्यवाद.

उत्तरायण
माझा अगाऊ प्रश्न. वेट डिस्ट्रिब्यूशन हिच लावला की मागचं वजन पुढच्या चाकांवर जातं ना? मग पेलोड वाढला की.

घाटमाथा
हा गैरसमज सगळीकडे आहे. तो हिच करतो एवढंच की दबलेला मागचा भाग थोडा उचलतो, हलकी झालेली पुढची चाकं परत दाबतो आणि थोडं वजन ट्रेलरच्या ॲक्सलकडे परत पाठवतो. स्टिअरिंग आणि पुढचे ब्रेक त्यामुळे ठीक राहतात. पण दरवाज्यावरच्या स्टिकरचा आकडा, ॲक्सलची मर्यादा, रिसीव्हरची (हिच ज्यात बसतो त्या चौकटीची) मर्यादा यांपैकी काहीही त्याने वाढत नाही. आणि काही गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये असा हिच लावायला मनाईच आहे, कारण मोनोकॉक (वेगळी चेसिस नसलेल्या) बॉडीला मागून तो पिळवटतो. ते आधी वाचा. मनाई असेल आणि ट्रेलर त्याच्याशिवाय नीट चालत नसेल, तर ट्रेलर मोठा आहे.

खटपट्या
मग मोठीच गाडी घ्यावी का? टाहो किंवा एक्सपिडिशन. ती ८-९ हजार खेचतात म्हणे.

तात्या_टेक्सास
घ्या की! शेवटी तुम्ही टेक्सासच्या वाटेवर आलात.

घाटमाथा
खेचतात, टोइंग पॅकेज असेल तर. पण त्यांचेही स्टिकर वाचा. टाहोसारख्या गाडीचा पेलोड बऱ्याचदा १,६००-१,७०० च्याच आसपास असतो, म्हणजे तुमच्या हायलँडरपेक्षा २००-३०० जास्त. सहा माणसं, सामान आणि हिच काढले की ६१५-७१५ उरतात, त्यावर ५,००० च्या आसपासचा ट्रेलर बसतो. ८,००० चा नाही. फायदा मात्र खरा आहे: लांब व्हीलबेस, जड अंग, मोठे ब्रेक. ट्रेलरने गाडीला हलवण्यापेक्षा गाडी ट्रेलरला धरून ठेवते. पण वर्षातल्या चार सहलींसाठी रोज ऑफिसला टाहो घेऊन जायचं का, हा तुमच्या घरचा प्रश्न.

दुसरं, मुलं वाढतात. ८५ आणि ५० पौंडांची ही मुलं पाच वर्षांनी १४० आणि १०० होतील. ट्रेलर तोच राहील.

उत्तरायण
आमच्याकडे मॉडेल वाय आहे. ३,५०० खेचते. कोणी केलंय?

डेन्व्हरवाला
शेजाऱ्याने केलंय. ट्रेलर लावला की रेंज निम्म्यावर येते असं धरून चाला. आणि बरेचसे चार्जर असे आहेत की ट्रेलर सोडल्याशिवाय गाडी आत जात नाही. दर थांब्याला सोडा, चार्ज करा, परत जोडा. हौस असेल तर करा.

भाजणी
खटपट्या, आता आमचं ऐका. आमच्याकडे स्कँप आहे, १६ फुटी. फायबरग्लासचा अंड्यासारखा डबा, मिनेसोटात बनतो. भरून ३,००० च्या आत राहतो, वारा कापतो, गळत नाही कारण वरचं आवरण दोनच तुकड्यांचं. कॅसिटाही त्याच जातीचा, टेक्सासचा. दोन्ही जुने मिळाले तर किंमत उतरत नाही, घेतलेल्या पैशात विकला जातो. तोटा असा की सहा माणसं झोपत नाहीत. चार, तीही एकमेकांवर प्रेम असलेली. आई-बाबांसाठी तोच ट्रेलर आणि तुम्ही चौघं तंबूत, असं आम्ही ओरेगनच्या किनाऱ्यावर करतो.

पण यलोस्टोनमध्ये तंबूचं बघून घ्या. फिशिंग ब्रिजच्या आरव्ही पार्कात अस्वलांमुळे फक्त कडक भिंतींचे ट्रेलर चालतात, कापडी पॉप-अपही नाही. दुसऱ्या कँपग्राउंडमध्ये तंबू चालतो, तिथे घ्या.

एक सांगते, ओझं स्वयंपाकघरातून वाढतं. बिडाचा तवा, पाच लिटरचा कुकर, दगडी खलबत्ता (हो, मैत्रिणीने आणला होता), दहा किलो तांदूळ. मी आता एकच तीन लिटरचा कुकर, ॲल्युमिनियमची कढई आणि भाजणी, मेतकूट, पोह्याच्या पिशव्या. जड डबे कायम ॲक्सलच्या वरच्या कपाटात, मागच्या बंकखाली नाही.

घाटमाथा
भाजणीताईंना दुजोरा. पाण्याची टाकी कुठे आहे तेही बघा. काही ट्रेलरना ती ॲक्सलच्या मागे असते. भरली की मान हलकी होते, रिकामी केली की जड. उलटही असतं. पाणी मुक्कामावर भरता येतं, रस्त्याने ते कशाला वाहायचं? परतीला सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करूनच निघा, ते वजन कोणी धरत नाही.

खटपट्या
काल दोघंही गेलो होतो त्या बंकहाउसकडे. बायकोने दारापाशी चिकटवलेला पिवळा स्टिकर शोधून काढला, सामानाची मर्यादा १,०६० पौंड. ब्रोशरच्या हिशोबाने ४,८०० वजा ३,६०० म्हणजे १,२०० यायला हवे होते. विक्रेत्याला विचारलं तर म्हणाला, एसी आणि ऑनिंग (बाहेरचं कापडी छत) वेगळे बसवलेत. १४० पौंडांचा फरक त्याने नुसता खांदे उडवून मिटवला.

घाटमाथा
वहिनींना माझा सलाम सांगा. तोच स्टिकर बघायचा असतो. आणि हिशोब करताना कोरडं वजन कधी घेऊच नका, जीव्हीडब्ल्यूआर घ्या. माणसं ट्रेलर शेवटी भरतातच.

खटपट्या
मग ठरलं असं. जुलैच्या सहलीसाठी ट्रेलर ओढायचाच नाही. वेस्ट यलोस्टोनला काही मालक ट्रेलर भाड्याने देतात आणि कँपग्राउंडवर आणून, लेव्हल करून, जोडूनही देतात. आम्ही सहाजण हायलँडरमधून मोकळे जाऊ. आई-बाबा परत गेले की आम्हा चौघांसाठी जुना १६-१७ फुटी फायबरग्लासचा शोधायचा. वरची मर्यादा भरलेल्या वजनाला ३,५००, म्हणजे ३,८५० च्या खाली थोडी जागा राहील. बाबांना हे सगळं फोनवर सांगितलं, ते म्हणाले, एवढं गणित दहावीला केलं असतंस तर.

तात्या_टेक्सास
हा हा! बाबा एकदम भारी. बाय द वे, मी तक्ता पाहिला. आम्ही दोघं असल्याने बसतोय. पण मुलं सुट्टीला आली की नाही बसणार. हे लक्षात आणून दिल्याबद्दल घाटमाथा यांना धन्यवाद.

डेन्व्हरवाला
चांगला निर्णय. एक भर: पुढे ग्लेशियरला गेलात तर गोइंग-टू-द-सन रोडच्या वरच्या भागावर २१ फुटांपेक्षा लांब वाहन चालत नाही, आणि त्यात गाडी-ट्रेलर दोन्ही मिळून मोजतात. म्हणजे कुठलाही ट्रेलर कँपग्राउंडवर सोडूनच वर जायचं. छोटा असला की सोडणं-जोडणं सोपं.

उत्तरायण
ठेवणार कुठे? आमच्या एचओएने (सोसायटीने) ड्राइव्हवेवर दोन रात्रींपेक्षा जास्त ठेवू नका असं पत्र पाठवलं होतं.

खटपट्या
आमच्याकडेही तेच. फ्रीमाँटला एक स्टोरेज यार्ड आहे, महिन्याचा भाव विचारून आलो. तो खर्च ट्रेलरच्या किमतीत धरायला हवा हे खरं.

जुना बघायला जाताना काय काय तपासू?

भाजणी
आत शिरून कपाटांचे कोपरे, खिडक्यांच्या खालची जागा आणि पलंगाखालची फळी हाताने दाबा. मऊ लागली की पाणी मुरलंय. नाकावरही विश्वास ठेवा. स्कँपच्या फायबरला फारसं काही होत नाही, पण फरशी प्लायवूडचीच असते.

घाटमाथा
टायरच्या बाजूला डीओटीच्या अक्षरांच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही नवी दिसली तरी पाच-सहा वर्षांवरचे टायर बदलायचेच, किमतीतून ते वळते करा. ब्रेकअवे स्विचची (ट्रेलर गाडीपासून सुटला तर आपोआप ब्रेक लावणाऱ्या खटक्याची) पिन ओढून बघा, ट्रेलरची चाकं जॅम व्हायला हवीत. नाही झाली तर बॅटरी किंवा ब्रेक मेलेत. तुमच्या गाडीला ७-पिनचं सॉकेट आहे का तेही बघा, ४-पिनवर नुसते दिवे लागतात, ब्रेक चालत नाहीत.

घेतल्यावर घरी जाण्याआधी एखाद्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केलला, म्हणजे ट्रकांच्या वजनकाट्यावर, जा. गाडी आणि ट्रेलर जोडून एकदा, मग बाजूला सोडून नुसत्या गाडीचं एकदा. पुढचा आणि मागचा ॲक्सल वेगवेगळे छापून मिळतात, त्याच दिवशी दुसऱ्यांदा केलं तर पैसे कमी पडतात. दोन्ही कागद इथे टाका, टंग वेट काढून देते. घरचे चौघं गाडीत बसलेले असू द्या आणि टाकी भरलेली.

खटपट्या
टाकतो. पाण्याची भरलेली की पेट्रोलची?

घाटमाथा
पेट्रोलची!